गल्लीच्या तोंडचा देव

"हे आमचं टोफूचं दुकान," रेवती म्हणाली.

"आमचं म्हणजे? तुझ्या वडिलांनी आंदण दिलंय काय?" मी विचारलं.

रेवती हसली. धाकटी सून माझी. टोमणा मारला की ती हसायची, आणि हसणाऱ्या माणसाला दुसरा टोमणा मारण्यात मजा नसते, हे तिनं लग्न झाल्या झाल्याच ओळखलं होतं.

दुकानात पाण्यानं भरलेला हौद होता आणि पाण्याखाली पांढऱ्या वड्या पडून होत्या. दुकानदारानं एक वडी अलगद उचलली, तळहातावरच तिचे तुकडे केले आणि आमच्यापुढं धरले. मी एक तोंडात टाकला.

"कसा लागतो, आई?"

"पनीरला ताप आल्यावर लागेल तसा."

माझी नात शर्वाणी, पाच वर्षांची, तिथंच उभी होती. जपानी तिला मराठीपेक्षा बरी यायची. तिनं माझं बोलणं जसंच्या तसं दुकानदाराच्या कानावर घातलं. तो बिचारा घाबरला. बाही वर केली, हौदात हात घातला आणि पाणी गरम झालंय का बघू लागला.

"आई, शरूसमोर जरा जपून बोला. ती सगळं सांगते."

"सांगू दे की. मी काय लपवून बोलते?"

ही क्योतो गावची गोष्ट, जपानातली. बरीच वर्षं झाली तिला. मी नुकतीच येऊन उतरले होते, अंगातला विमानाचा शीण गेला नव्हता, आणि रेवती मला तिच्या आवडीच्या जागा दाखवत हिंडवत होती. का हिंडवते ते मला पक्कं ठाऊक होतं.

माझा धाकटा रणजित तिथं मोजमापाची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होता. ज्या भाड्याच्या घरात हे तिघं राहत होते, ते घरमालकीण विकायला तयार झाली होती, आणि ह्या दोघांना ते घ्यायचं होतं. घेतलं म्हणजे कायमचं तिथंच. रणजितनं मला फोनवर सांगितलं होतं, "आई, तू येऊन बघ. हो म्हणालीस तर घेतो. नको म्हणालीस तर बोजाबिस्तरा बांधून गडहिंग्लजला येतो." आणि तो आला असता. मालक गेले तेव्हा माझी दोन्ही पोरं चड्डीत होती. मिरची कांडपाच्या गिरणीवर मी त्यांना वाढवलं, शिकवलं. माझा शब्द दोघंही ओलांडत नाहीत, कुणालाही विचारा.

गडहिंग्लजच्या घराचा वरचा मजला मी रणजितसाठीच चढवला होता. फरश्या मी निवडल्या, खिडक्यांचा रंग मी ठरवला. मजला कुलूप लावून पडला होता. तेव्हा मी जपानला गेले ती 'नको' म्हणायलाच. पण पोरगं एवढं विचारतंय तर नको म्हणायलाही काही कारण द्यावं लागतं. ते कारण शोधायला मी रेवतीच्या मागून हिंडत होते.

पुढं एका घरातून खटक-खटक आवाज आला. हातमाग. रेवती इचलकरंजीची, माहेरी मागाचाच धंदा. इथं ती ह्या विणकराकडं नक्षी काढायचं काम करायची. बायका कमरेला रेशमी पट्टे बांधतात, त्यावरची नक्षी.

"इचलकरंजीचा आवाज ऐकायला समुद्र ओलांडलास होय गं?"

"तिकडच्या आवाजानं कान बधिर व्हायचे, आई. ह्यानं झोप येते."

"कामावर झोपतेस म्हण की."

मग न्हाणीघर आलं. गल्लीतल्या सगळ्या बायका संध्याकाळी तिथं अंघोळीला जातात म्हणे. दारावर निळा पडदा होता. मी पडद्याशीच थांबले.

"सगळ्या एकत्र?"

"हो."

"आणि अंगावर काय?"

रेवती न्हाणीघराचं धुराडं बघायला लागली.

"काही नाही, आज्जी," शरू म्हणाली. "आई पण नाही, मी पण नाही. तू पण ये."

"मी आले तर तिकीट मी लावणार, त्यांनी नाही," मी म्हटलं आणि पुढं चालू लागले.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी लाकडाची एक छोटी देवळी होती. आत दगडाचा देव, गुडघ्याएवढा. नाकडोळे कधीच झिजून गेलेले. गळ्यात लाल कापडाचं लाळेरं बांधलेलं, तेही उन्हानं विटलेलं.

"हा जिझो," रेवती म्हणाली. "लहान मुलांना सांभाळतो. ह्या गावात गल्लीगल्लीत असतो. थोड्याच दिवसांत ह्याचा सण आहे."

एवढ्या सगळ्या फेरीत मी एवढ्या एका जागी काही बोलले नाही. चपला काढल्या, हात जोडले.

*

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत मी झाडू घेऊन बाहेर पडले. दारापुढं झाडलं, पाणी शिंपडलं, रांगोळीची चार बोटं ओढली. मान वर केली तर शेजारच्या दारात पाचोळा. ते घर घरमालकिणीचं, ओकुदाबाईंचं. गल्लीतली घरं सगळी तिचीच, आणि दारात ही अवकळा. मी तिचंही दार झाडलं. पार पलीकडच्या भिंतीपर्यंत.

चांगुलपणा म्हणून नाही. तिला कळावं म्हणून.

तिसऱ्या दिवशी मी दार उघडलं तर माझ्या दारापुढचा दगडन् दगड धुतलेला. ओकुदाबाई झाडू धरून उभी. सुईसारखी ताठ, पांढऱ्या केसांचा बुचडा, अंगात ॲप्रन. माझ्याहून चार पावसाळे जास्तच बघितलेले असणार. मी शरूला अंथरुणातून ओढून आणलं.

"सांग तिला, पाचोळा दिसला म्हणून झाडलं. म्हातारपणी कंबर वाकत नाही, मला कळतं."

शरूनं डोळे चोळत सांगितलं. ओकुदाबाई कमरेत अशी वाकली की डोकं गुडघ्याला लागतंय की काय. मग गोड आवाजात काहीतरी लांबलचक बोलली.

"काय म्हणते?"

"म्हणते, किती छान. एवढ्या लांबून दमून आल्या तरी आज्जींना झोप लागत नाही."

मला भाषा येत नव्हती, पण टोमणा ओळखू येत होता. साखरेत घोळलेला होता, एवढाच फरक.

घरात आले तर रेवती कपाळाला हात लावून बसलेली.

"आई, इथली एक रीत आहे. आपलं दार झाडायचं आणि शेजारच्या हद्दीत फक्त वीतभर जायचं. वीतभरही गेलो नाही तर माणूस माणूसघाणं. आणि पूर्ण झाडलं तर शेजारणीला आळशी म्हटल्यासारखं होतं."

"म्हटलंच की मी."

रणजित चहा पीत होता. तो म्हणाला, "आई, अशानं त्या घर विकायच्या नाहीत आपल्याला."

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हेच तर हवं होतं. तिनंच नाही म्हटलं तर मला पोराचं मन मोडायची गरजच नव्हती. कारण शोधत हिंडायचीही गरज नव्हती.

मग मी कंबर कसली. रोज कालच्याहून लवकर उठायची आणि तिच्या दाराची भिंतीपासून भिंतीपर्यंत सफाई करायची. कधी ती आधी उठून माझं दार धुऊन टाकायची. पाणी इकडून तिकडं, तिकडून इकडं. गल्लीतली म्हातारी माणसं खिडक्या उघडून बघायला लागली. हातमागवाला म्हातारा, मियाके त्याचं नाव, तो तर स्टूल टाकून बाहेर बसायचा. आमच्या तालमीबाहेर रिकामटेकडे बसतात तसा.

"तिला सांग, झाडू जुना झालाय. आमच्या गावाहून खराटा पाठवते."

"म्हणते, तुमच्या हातात जोर किती. तुमच्या सुनेला नक्कीच काही काम पडत नसेल."

"सांग तिला, सुनेचं मी बघते. तिला सून नाही, तिला काय कळणार."

हे जरा जास्त झालं. तिला मूलबाळ नव्हतं, ते मला नंतर कळलं. शरूनं मात्र तेही सांगून टाकलं. ओकुदाबाई मान डोलवून घरात गेली. मला वाटलं, झालं काम. आज ही रणजितला नकार कळवते.

दुपारी तिच्याकडून काकडीचं लोणचं आलं.

भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हे तर रक्तातच आहे. मी तिच्या भांड्यात आमची कांदा-लसूण चटणी भरली, घरच्या कांडपाची, नाकातोंडातून धूर काढणारी, आणि वर दोन भाकरी. रेवती म्हणाली, "आई, त्यांना सोसणार नाही." मी म्हटलं, "न सोसू दे."

संध्याकाळी शरू निरोप घेऊन आली. "ओकुदा आजी म्हणते, तिची सासू गेल्यापासून असं तिखट तिला कुणी दिलं नव्हतं."

"रडत होती काय?"

"डोळ्यांतून पाणी येत होतं. पण हसत होती. सगळं संपवलं."

मी विचारात पडले. ही बाई चिडायचं नाव घेत नव्हती.

*

मग सणाचा दिवस आला. शनिवार होता. सणाचं माझ्या कानावर होतं. काय करतात, कसं करतात, ते रेवतीनं सांगितलं असेल तर मी ऐकलं नव्हतं. पहाटे झाडू घेऊन बाहेर पडले, गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, तर देव तसाच. धुळीनं माखलेला, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं, लाळेऱ्यावर पाखरांची घाण. सणाच्या दिवशी देव पारोसा.

मला राहवेना. झाडू ठेवला, बादली आणली. देवाला घासून अंघोळ घातली, पदरानं पुसला. शेंदूर जवळ नव्हता. माझ्या देवपूजेच्या डब्यात कुंकू होतं. गोडंतेल घेतलं, कुंकवात कालवलं आणि डोक्यापासून पायापर्यंत देवाला चोपडलं, आमच्याकडं बांधावरच्या देवाला लावतात तसं. पुढं उदबत्ती लावली. देव उगवत्या सूर्यासारखा दिसायला लागला. सांगते, त्या गावात पाय ठेवल्यापासून पहिल्यांदा मला बरं वाटलं.

तासाभरात गल्ली जमा झाली. सगळी म्हातारी माणसं. कुणाच्या हातात बादली, कुणाकडं रंगाच्या वाट्या. पुढं शरू, फुलाफुलांचा झगा घातलेली, हातात नवा कोरा कुंचला. देवळीशी आली आणि तिचे पाय थांबले.

"कुणी रंगवला?"

"मी, बाळा. बघ कसा..."

"तो माझा होता." तिच्या हातातला कुंचला खाली पडला. "ह्या वर्षी मी डोळे काढणार होते. ओकुदा आजीनं मला सांगितलं होतं. मी रोज कागदावर डोळे काढत होते." आणि ती फुटून रडायला लागली.

त्यांची रीत अशी होती की सणाच्या सकाळी गल्लीतल्या मुलांनी देवाला धुवायचं, पांढरा रंग द्यायचा आणि नाकडोळे काढायचे. म्हणून तर आधी कुणी हात लावला नव्हता. आणि गल्लीत मूल आता एकच होतं, शरू.

मियाके म्हातारा ओल्या फडक्यानं पुसायला गेला. कुंकू निघेना. दगड जुना, भुसभुशीत, तेल पीत बसलेला. कुणी मला एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

रेवती माझा हात धरून मला घरात घेऊन आली. दार लावलं. पहिल्यांदाच ती हसत नव्हती.

"आई, तुम्हाला हे घर नको असेल तर सरळ नको म्हणा. मी एक अक्षर बोलणार नाही, उद्यापासून सामान बांधायला घेईन. झाडूचं सगळं मी बघत होते. का करताय तेही मला कळत होतं. पण शरूच्या देवाला मध्ये कशाला आणलंत?"

"तुला वाटतं मी हे मुद्दाम केलं?"

"मग काय वाटावं?"

माझ्या तोंडावर असं बोलायची कुणाची छाती झाली नव्हती. मला राग यायला हवा होता. पण ती चुकीचं बोलत होती आणि चुकीचं बोलायचा तिला पुरता हक्क होता, अशी पंचाईत.

"झाडू मुद्दाम होता," मी म्हटलं. "देव नाही. देवाशी मी डाव खेळत नाही. पारोसा दिसला, अंघोळ घातली. एवढंच."

रेवतीनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग हळूच खाली बसली. "आई," ती म्हणाली, "ओकुदाबाई माझ्यावर कधीच रागावल्या नाहीत. सुरुवातीला मला इथं काहीच जमत नव्हतं. कचरा चुकीच्या दिवशी ठेवायचे. ओकुदाबाई गुपचूप उचलून घरात ठेवायच्या आणि बरोबर दिवशी बाहेर काढायच्या. मला कित्येक महिने कळलंच नाही. आता मी त्यांना काय तोंड दाखवू?"

"माझं दाखव," मी म्हटलं आणि दार उघडून बाहेर गेले.

ओकुदाबाई देवळीपुढं मांडी घालून बसली होती. मांडीवर शरू हुंदके देत होती. बाजूला टोपलीत तांदळाचा कोंडा. ती मुठीनं कोंडा घेऊन दगडावर चोळत होती. तेल काढायला कोंडा. आम्ही तेच करतो. मी तिच्यासमोर बसले, मूठभर कोंडा घेतला आणि माझ्या बाजूनं चोळायला लागले. ती वर बघेना, मी वर बघेना. मध्ये देव. दोघींच्या कोपरापर्यंत लाल झालं.

तेल निघालं. लाली काही गेली नाही. ओकुदाबाईनं हात झटकले, पांढऱ्या रंगाची वाटी शरूच्या पुढं सरकवली आणि कुंचला तिच्या हातात दिला.

शरूनं नाक ओढत रंग लावला. पांढऱ्यातून लाल वर आलं आणि देव गालापासून कानापर्यंत गुलाबी झाला. मियाके म्हातारा डोकं वाकडं करून बघत होता. काहीतरी पुटपुटला. आधी एक म्हातारी हसली, मग दुसरी, मग सगळी गल्ली.

"काय म्हणाला गं तो?" मी रेवतीला विचारलं.

"म्हणतात, यंदा देव सणाच्या आधीच पिऊन बसलाय."

शरूलाही हसू फुटलं. हसता हसताच तिनं डोळे काढले. एक मोठा, एक बारका. बारका जरा मिचकावल्यासारखा झाला. पिलेल्या देवाला तो शोभून दिसला.

*

दुपारी गल्लीत चटया टाकल्या. वर दोऱ्यांना कागदी कंदील बांधले, मुलांची नावं लिहिलेले. बरेचसे जुने, पिवळे पडलेले. ती मुलं आता बापे होऊन दुसऱ्या गावांना गेली होती. एक तेवढा नवा होता, लाल. त्यावर शरूचं नाव, ओकुदाबाईनं लिहवून घेतलेलं.

मग मोठी जपमाळ आली. एवढी मोठी की सगळी गल्ली गोल बसली तरी मणी उरावेत. गोल बसायचं, सगळ्यांनी मिळून माळ धरायची, भटजी मंत्र म्हणतो तोवर ती हातोहात फिरवायची. मोठा मणी आपल्या हातात आला की कपाळाला लावायचा. मला ओकुदाबाईच्या शेजारी बसवलं. माणसं माळेला पुरेनात, ती मध्ये मध्ये लोंबत होती. जिथं लोंबायची तिथं रणजित सरकायचा, मग दुसरीकडं लोंबायची.

"एवढी माळ आणि एवढीच माणसं?" मी रेवतीच्या कानात म्हटलं.

"पूर्वी गल्ली भरून मुलं होती म्हणे."

"पुढच्या वर्षी शरू नसली तर डोळे कोण काढणार?"

रेवतीनं माळ पुढं सरकवली.

"विचारतेय मी."

"पुढच्या वर्षी देवच नसेल, आई. बिल्डरला ही अख्खी गल्ली हवी आहे, गाड्या लावायच्या जागेसाठी. आपण आपलं घर घेतलं तर गल्ली मोडत नाही, मग त्याला रस उरत नाही. नाही घेतलं तर ओकुदाबाई एकट्या किती दिवस तग धरणार? मग जिझोला उचलून लांबच्या एका देवळात नेऊन ठेवतील. अशा गल्ल्यांमधून उठलेले बरेच जिझो तिथं रांगेनं उभे आहेत."

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"ओकुदाबाईंनी शपथ घातली होती. देवाचं नाव काढून कुणाचा पाय अडवायचा नाही, म्हणाल्या. तुमच्या आईंना काय ठरवायचं ते घर बघून ठरवू दे."

मोठा मणी माझ्या हातात आला. मी तो कपाळाला लावला आणि तसाच धरून बसले. पलीकडच्यांची माळ अडली.

माझ्या सासूबाईंचा एक नियम होता. बांधावरच्या देवाला ज्यानं आपल्या हातानं पहिला शेंदूर लावला, देव त्याचा. मग तो दुसऱ्यावर टाकायचा नाही, उघडा पडू द्यायचा नाही, वर्षातून एकदा तरी त्याच्या पुढं जाऊन उभं राहायचं. घरात ह्यावरून भांडणं झालेली मी बघितली आहेत. म्हणून आमच्याकडं कुणी उगाच कुठल्या दगडाला हात लावत नसे. आणि मी, डोळ्यांवर झोप असताना, परक्या मुलखात, डोक्यापासून पायापर्यंत चोपडून बसले होते.

गडहिंग्लजचा वरचा मजला डोळ्यांपुढं आला. फरश्यांवरची धूळ दिसली. मग समोर बघितलं. गुलाबी देव एक डोळा मिचकावत बसला होता.

मी मणी पुढं सोडला.

"रणजित."

"काय आई?"

"घर घे."

"काय म्हणालीस?"

"मिरचीच्या गिरणीत माझं आयुष्य गेलं, तरी मला नीट ऐकू येतं. तुला काय झालं?"

रेवतीनं माळ सोडून दिली आणि तोंड दोन्ही हातांनी झाकलं. माळ पुन्हा लोंबली. शरूनं उठून सगळ्यांना त्यांच्या भाषेत बातमी सांगितली. अजून मंत्र संपले नव्हते, पण भटजीही थांबून हसला. मियाके म्हातारा माझ्यापुढं इतक्यांदा वाकला की मला भीती वाटली, हा आता उठतो की नाही.

तेव्हापासून दर वर्षी श्रावणात मी क्योतोला जाते. वरच्या मजल्यावर थोरल्याची मुलगी अभ्यास करते. फरश्यांना तिनं नावं ठेवली. देव अजून गुलाबीच आहे. नवीन माणसं गल्लीत आली की त्यांना टोफूवाला, न्हाणीघर, माग, सगळं मीच हिंडून दाखवते. न्हाणीघराचं पुढचं काही विचारू नका.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. कंदील उतरवायचं काम चाललं होतं. ओकुदाबाई घडी घालत होती, मी दोऱ्या गुंडाळत होते, रेवती आमच्यामध्ये उभी. मी म्हटलं, "तिला सांग, सकाळी माझी चूक झाली असं मी म्हणणार नाही. पण पोरीची रीत मला माहीत असती तर हात लावला नसता."

रेवतीनं सांगितलं. ओकुदाबाईनं घडी नीट केली, मग शांतपणे काहीतरी म्हणाली. रेवतीचं तोंड उघडंच राहिलं.

"काय म्हणते?"

"म्हणतात, त्या पहाटेच उठल्या होत्या. खिडकीतून बघत होत्या."

"मला बघत होती? सगळं? अंघोळ घातली तेव्हापासून?"

"हो. बादली आणायला गेलात तेव्हापासून."

"मग हाक का नाही मारली? पोरगी रडली की."

रेवतीनं विचारलं. ओकुदाबाई आता माझ्याकडंच बघत होती. सावकाश बोलली, एकेक शब्द मोजून.

"म्हणतात, शरूला रडावं लागलं, त्याची क्षमा मी तिच्याजवळ मागितली. पण हाक मारली असती तर तुमच्या आई हात धुऊन मोकळ्या झाल्या असत्या. ज्या बाईनं स्वतःच्या हातानं देवाला अंघोळ घातली, ती बाई देवाला सोडून जात नाही. तुमच्या देशातलं मला माहीत नाही. आमच्या ह्या गल्लीत तरी असंच आहे."

मी दोरी खाली ठेवली. कोल्हापूरकडची मी. आमच्याकडं पोरं लाल मातीत घोळून पैलवान होतात, आणि मला ह्या सुईएवढ्या म्हातारीनं खिडकीतून, हात न लावता चितपट केलं होतं. वर देवाचं नाव काढायचं नाही म्हणून शपथ घालून.

"रेवती, विचार तिला, घराचे कागद कधी करायचे. आणि म्हणावं, किंमत कमी कर. शेजारीण फार खाष्ट आहे."

रेवती हसत हसत बोलली. ओकुदाबाई कमरेत वाकली, अगदी खाली, आणि वाकूनच उत्तर दिलं.

"म्हणतात, त्याच कारणासाठी मी वाढवणार होते."